पाचटाचा धूर बांधावर थांबत नाही

सभासद बंधूंनो, तोड झाली की रानात काडी टाकायची, ही आपली जुनी खोड. तासा-दोन तासांत रान मोकळं! राख शेजाऱ्याच्या वाळवणावर पडली तर दोन शिव्या खायच्या, की विषय संपला. पण तो तिथे संपत नाही, हे आता मोजून सिद्ध झालेले आहे.

गाळप हंगाम आणि ईशान्येचे वारे एकाच वेळचे. हिवाळ्यात वारा जमिनीवरची धूळ, धूर, काजळी घेऊन समुद्रावर जातो. पाऊस नसल्याने हे कण धुऊन निघत नाहीत. 1999 साली जानेवारी ते मार्चमध्ये डॉ. रामनाथन, पॉल क्रुट्झेन आदी शास्त्रज्ञांनी विमाने व जहाजे घेऊन हिंदी महासागरावरची हवा तपासली. तेव्हा सुमारे 3 किलोमीटर उंचीपर्यंत मळकट तपकिरी थर आढळला. काजळी ऊन शोषते. वरची हवा तापते, खाली पाण्यावर ऊन कमी पोचते. ऊन कमी, तर वाफ कमी. आणि वाफ हेच पावसाचे भांडवल. या थराने मोसमी पाऊस मंदावतो, असा इशारा रामनाथन यांनी दिला आहे.

यावर कोणी शहरातल्या मोटारींकडे बोट दाखवील. पण मालदीव बेटावर आणि आपल्या सिंहगडावर घेतलेल्या नमुन्यांचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. काजळीचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग लाकूड, शेण, काडीकचरा जाळल्याचा निघाला. सगळे पाप उसाच्या माथी मारावे, असे आम्ही म्हणत नाही. त्यात घरोघरच्या चुलीही आल्या. पण चूल पोटासाठी पेटते. पाचट कशासाठी पेटवायचे?

मजूर मिळत नाही, पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, या अडचणी खऱ्या आहेत. तरीही हिशोब करा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का, शिवाय पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब. सरीत दाबून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो जिवाणू खत टाकले, की खोडव्याला घरचे खत आणि रानाला ओल.

आमचे मत स्पष्ट आहे. कारखान्याने जिवाणू खत वेळेवर द्यावे, टोळ्यांना काडी ओढू देऊ नये. आणि सभासदांनी निदान यंदाचा खोडवा न जाळता धरून पाहावा. समुद्र लांब असला तरी आपल्या उसाचे पाणी तिकडूनच येते.