आधी मीठ काढायचं, मग मीठ घालायचं

दोह्याच्या नळाला येणारं पाणी मुळात समुद्राचं असतं. आखाताचं खारं पाणी आत घ्यायचं, गॅस जाळून मिळालेल्या ऊर्जेवर त्यातलं मीठ काढायचं आणि गोडं पाणी शहरात सोडायचं. आता ज्यांच्या दिवाणखान्यात प्रवाळांची टाकी आहे, ते काय करतात बघा. हेच पाणी ते आणखी एकदा आरओमधून गाळतात, बादलीतून विकत आणलेलं मीठ त्यात मोजून घालतात आणि समुद्राचं पाणी पुन्हा तयार करतात. खरा समुद्र कॉर्निशपाशी फुकट पडलेला असतो.

तो वापरत नाहीत याला कारण आहे. दुकानातले बरेचसे प्रवाळ इंडोनेशियासारख्या ठिकाणच्या समुद्रातले असतात. त्यांना लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार आणि 25-26 अंश तापमान लागतं. आखातात क्षार 40च्या पुढे आणि उन्हाळ्यात पाणी 34-35 अंशांवर. हे पाहुणे तिथे टिकणार नाहीत. म्हणून चिलर आला. चिलर टाकीतली उष्णता खोलीत सोडतो, एसी ती खोलीबाहेर फेकतो आणि दोघांची वीज बहुतांशी गॅसवर तयार होते. काचेतला समुद्र गार ठेवण्यासाठी आपण बाहेरचा समुद्र थोडा अधिक तापवतो.

छंद म्हणून हे कोणी करत असेल तर माझी तक्रार नाही. पैसे तुमचे, हौस तुमची. पण गप्पा रंगल्या की या हौसेला हळूच ‘संवर्धन’ म्हटलं जातं आणि साक्षीला जपान काढला जातो: जपानी लोक बघा, एवढ्याशा घरात केवढ्या निगुतीने प्रवाळ जगवतात! माझा वाद इथे सुरू होतो. कारण जपानकडून आपण दिवे, पंप आणि मांडणी तेवढी उचलली. मुख्य गोष्ट तिथेच राहिली.

ओकिनावाचं चुराउमी मत्स्यालय 2002 मध्ये उघडलं. तिथल्या प्रवाळांच्या टाकीवर छप्पर नाही, ऊन थेट पाण्यात पडतं. पाणी समोरच्या समुद्रातून अखंड येत राहतं आणि प्रवाळ ओकिनावाच्याच परिसरातले. थोडक्यात, आपल्या दारचा समुद्र काचेमागे ठेवायचा. त्याच ओकिनावातल्या अकाजिमा बेटावरची प्रयोगशाळा त्याच्या पुढे गेली. तिथल्या संशोधकांनी अॅक्रोपोरा टेन्युइस हे प्रवाळ अंड्यांपासून वाढवले, समुद्रात लावले आणि चार वर्षांनी त्या प्रवाळांनी स्वतः अंडी सोडल्याची नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध केली. टोकियोच्या इनोका कंपनीने तर बंदिस्त टाकीत तापमानाचे ऋतूच पुढेमागे सरकवले आणि एरवी उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी देणाऱ्या प्रवाळांकडून 2022च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, अंडी मिळवली. अंडी वर्षातून एकदाच मिळत असतील तर प्रयोगही वर्षातून एकदाच होतो. तो अडथळा दूर करण्यासाठी ही खटपट होती.

या तिन्ही ठिकाणी टाकी हे साधन आहे. तिच्यातून प्रवाळांची पुढची पिढी, माहिती किंवा समुद्राला परत देण्यासारखं काही ना काही बाहेर येतं. आपल्या टाकीतून फोटो बाहेर येतात.

जपानची आरती ओवाळायचीही गरज नाही. 2016च्या उष्णतेत ओकिनावाच्याच सेकिसेई खाजणातले सुमारे 70 टक्के प्रवाळ मेले. हेनोको इथे अमेरिकी लष्करी तळासाठी समुद्रात भराव घालताना तिथलं सरकार ‘प्रवाळ दुसरीकडे लावतो’ हेच उत्तर देत आलं. उत्तम टाकी बांधता येणाऱ्या देशालाही समुद्र राखता येतोच असं नाही. जपानकडून शिकायचा दुसरा धडा हा.

आता आपल्या दारातले प्रवाळ पाहा. आखातातले पोरायटीस, प्लॅटिगायरा हे प्रवाळ हिवाळ्यात 20च्या खालचं आणि उन्हाळ्यात 35च्या आसपासचं पाणी सोसतात. जगात इतरत्र बहुतेक प्रवाळ एवढ्या उष्णतेत पांढरे पडून मरतील. यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाची उष्णता झेलणारी एक जात 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी ओळखली. उद्याच्या तापलेल्या समुद्रात प्रवाळ कसे जगतील, याचं उत्तर शोधायला याहून योग्य जागा क्वचितच असेल. आणि ही जागाच संपत चालली आहे. 1996 आणि 1998च्या उष्णतेने दक्षिण आखातातले फांद्यांचे अॅक्रोपोरा जवळजवळ पुसून टाकले, तर 2017च्या उन्हाळ्यानंतर अबू धाबीजवळचे दोन तृतीयांश प्रवाळ गेले. जगातले सर्वांत काटक प्रवाळ आपल्या शेजारी मरताहेत आणि आपण घरात नाजूक परदेशी पाहुण्यांचा ताप मोजत बसलो आहोत.

कोणी म्हणेल, मुलांना टाकीतूनच समुद्राची ओढ लागते. लागू दे. मग त्या मुलांना हेही सांगा की टाकीतला प्रवाळ कुठून आला, आणि बाहेरच्या समुद्रात कोणते आहेत. दोह्यात वाढलेल्या किती मराठी मुलांना कतारच्या समुद्रात प्रवाळ आहेत हे ठाऊक आहे? आणि त्यांच्या आईबापांपैकी कितीजणांना विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं बुडालेलं पठार आहे आणि त्यावर प्रवाळ आहेत, हे माहीत आहे? मुंबईत वरळी-हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ होते हे आपल्यातल्या बहुतेकांना 2020 मध्ये कळलं, तेही किनारी रस्त्यासाठी 18 समूह उचलून हलवले गेले म्हणून. हेनोकोचंच हे छोटं रूप.

याचा अर्थ उद्या छिन्नी घेऊन कतारच्या समुद्रात उतरा, असा नाही. ते काम परवानगी असलेल्या संशोधकांचं. तुमचं काम सोपं आहे. समुद्रातून तोडलेला प्रवाळ घेऊ नका. दुकानदाराला विचारा, हा तुकडा कुठे वाढला? कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या कागदपत्रांशिवाय होऊ शकत नाही, तेव्हा त्याला उत्तर देता यायला हवं. टाकीतच वाढलेले तुकडे आपसात वाटून घ्या. आणि मॉलमध्ये किंवा ऑफिसच्या लॉबीत नवी भव्य टाकी उभी राहत असेल, तुम्ही तिथे अभियंता, वास्तुविशारद किंवा सल्लागार असाल (आपल्यातले कितीतरी जण आहेत), तर बैठकीत एकच प्रश्न टाका: यात आखातातले प्रवाळ का नाहीत, आखाताच्याच पाण्यावर, आखाताच्याच उन्हाळ्यात, इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांच्या देखरेखीखाली?

अशी टाकी चमचमणार नाही. आखातातले बरेच प्रवाळ तपकिरी, मळकट, दगडासारखे दिसतात. लोक त्यांच्यासमोर सेल्फी काढणार नाहीत, पण तिला संवर्धन म्हणायला माझी हरकत नसेल.