पुढच्या मोसमाचा वाद

जुलै २०२५ मधली गोष्ट आहे. गोंदियाच्या आसपासच्या शेतांत धानाची रोवणी चालली होती. शहरात पाऊस थांबत नव्हता आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर वादही थांबत नव्हता. वादाचा विषय एकच होता : मोहमेडन स्पोर्टिंगचे पुढच्या मोसमात काय होणार?

मोहमेडन स्पोर्टिंग हा कोलकात्याचा फुटबॉल संघ. कोलकाता कुठे आणि गोंदिया कुठे, असे तुम्ही म्हणाल. पण गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन आहे. २००३ पर्यंत आमची रेल्वे दक्षिण-पूर्व रेल्वेत मोडत असे आणि तिचे मुख्य कार्यालय कोलकात्यात होते. आमच्या टपरीवर रोज येणारे एक चाचा त्याच रेल्वेत नोकरीला होते. कामानिमित्त कोलकात्याला गेले की ते मैदानावर एखादा सामना पाहिल्याशिवाय परत येत नसत. कोलकात्याच्या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकतच आमची पिढी मोठी झाली. आम्हांला तो संघ परका वाटत नाही तो त्यामुळेच.

वाद पेटवला तो माझ्या भाच्याने. तो अकरावीत शिकतो.

"मामू, चोवीस सामन्यांत फक्त दोन विजय! तेरा संघांत तेरावा नंबर! अशा संघाला काय भविष्य आहे?"

त्याचे आकडे खरे होते. २०२४ मध्ये मोहमेडनने आय-लीग जिंकली आणि प्रथमच इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश मिळवला. त्या वेळी याच टपरीवर पेढे वाटले गेले होते. पण २०२४-२५ च्या मोसमात संघ अगदी तळाला राहिला. मोसमाच्या मध्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, आय-लीग जिंकून देणारे रशियन प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्ह संघ सोडून गेले. खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या.

भाच्याचा एक मित्र म्हणाला, "नवा प्रशिक्षक आणा, सगळे ठीक होईल." दुसरा म्हणाला, "प्रशिक्षक काय करणार? चांगले परदेशी खेळाडू पाहिजेत." तिसऱ्याने तर जाहीरच करून टाकले, की आजपासून तो दुसऱ्या संघाचा चाहता आहे. कोणत्या, ते अजून ठरायचे होते.

आता माझे मत सांगतो. पुढच्या मोसमाबद्दल वाद घालताना आपण बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणापासून सुरुवात करतो. आपण गुणतक्ता उघडतो, शेवटचा नंबर पाहतो आणि भविष्य सांगू लागतो. पण मागच्या वर्षीचा तक्ता पुढच्या वर्षाबद्दल फार थोडे सांगतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही. आपल्याच राज्यात घडलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही.

मुंबईत पूर्वी 'मुंबई एफसी' नावाचा एक संघ होता. आजचा 'मुंबई सिटी' तो नव्हे. मुंबई एफसीची स्थापना २००७ मध्ये झाली. खालिद जमील हे मधल्या फळीतले खेळाडू त्या संघात होते. दुखापतींमुळे त्यांचे खेळणे थांबले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. संघाकडे पैसा बेताचा होता. कूपरेज मैदानाचे काम चालू असल्यामुळे काही वर्षे मुंबईच्या या संघाला आपले 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. आता मुंबईचा प्रेक्षक दर आठवड्याला पुण्याला कसा जाणार? तरीही जमील यांनी सात वर्षे संघ टिकवून धरला. त्यांच्या काळात संघाने लीग कधी जिंकली नाही, पण तो खालच्या विभागातही कधी गेला नाही.

चाहते मात्र कंटाळले होते. बचाव फार, आक्रमण कमी, सामने बरोबरीत सुटतात, अशा तक्रारी होत्या. त्या अगदीच खोट्या नव्हत्या. शेवटी २०१६ मध्ये जमील यांना जावे लागले. बदल झाला म्हणजे प्रगती होणार, असे तेव्हा पुष्कळांना वाटले असेल.

त्याच सुमारास दूर मिझोराममध्ये ऐझॉल एफसी नावाचा संघ अडचणीत होता. २०१५-१६ च्या आय-लीगमधून तो खालच्या विभागात ढकलला गेला होता. पण गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तीन संघ लीगमधून बाहेर पडले. जागा रिकामी झाली, म्हणून ऐझॉलला परत बोलावण्यात आले. म्हणजे हा संघ लीगमध्ये होता तो स्वतःच्या खेळामुळे नव्हे, दुसऱ्यांनी सोडलेल्या जागेमुळे. या संघाने प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांना बोलावले. त्यांच्याबरोबर मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही तिकडे गेले.

तुम्ही त्या वेळी टपरीवर बसला असता आणि कोणी विचारले असते, की २०१६-१७ मध्ये या दोन संघांचे काय होईल, तर तुम्ही काय सांगितले असते? एकीकडे कोट्यवधी वस्तीची मुंबई, दुसरीकडे सुमारे तीन लाख वस्तीचे डोंगरातले ऐझॉल.

घडले ते असे. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता. विजेतेपदासाठी एक गुण पुरेसा होता. शिलाँग लाजाँगने सुरुवातीलाच गोल केला. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. सामना १-१ असा सुटला आणि ऐझॉल भारताचा विजेता ठरला. ऐझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील एखाद्या संघाने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

आणि मुंबई एफसी? तो संघ त्याच लीगमध्ये दहावा, म्हणजे शेवटचा आला. खालच्या विभागात ढकलला गेला आणि मग राष्ट्रीय पातळीवर पुन्हा कधी दिसलाच नाही.

ही गोष्ट मी टपरीवर सांगितली तेव्हा भाच्याचा मित्र खूश झाला. "म्हणजे मी म्हणतो तेच खरे! सगळे प्रशिक्षकावर असते."

मला ते मान्य नाही. ऐझॉलला विजेतेपद मिळवून देऊन जमील पुढच्या मोसमात कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. तो संघ मोठा, पैसेवाला, लाखो चाहत्यांचा. तेथे त्यांचा संघ चौथा आला. माणूस तोच, विद्या तीच. विजेतेपद मात्र मिळाले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये याच जमील यांची भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. पहिल्याच स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून हार झाली, २०२७ च्या आशिया कपची संधी हुकली आणि तेच लोक नाके मुरडू लागले. प्रशिक्षक हा जादूगार नसतो. चांगल्या बियाण्याचेही पीक जमिनीवर आणि पावसावर अवलंबून असते, हे धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मग चाहत्यांनी वाद घालायचा तो कशावर? माझ्या मते तीन-चार साध्या गोष्टींवर. खेळाडूंचे पगार वेळेवर होतात का? सराव मोसमाच्या किती आधी सुरू होतो? संघाचे मैदान कोणते? मागच्या वर्षीचे किती खेळाडू टिकले? या प्रश्नांची उत्तरे मिळवायला थोडे कष्ट पडतात. 'हा खेळाडू निकामी, तो प्रशिक्षक मूर्ख' असे म्हणायला कष्ट पडत नाहीत. म्हणूनच आपण दुसरे बोलणे जास्त बोलतो. मीही बोलतो. सामना हरल्यावर रात्री माझ्या तोंडून काय काय निघते, ते माझ्या बहिणीला विचारा.

पण या सगळ्याहून मोठा एक प्रश्न आहे आणि तो चाहते सहसा विचारत नाहीत. तो म्हणजे, हा संघ कोणाचा?

मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा काही दुबळा संघ नव्हता. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग त्याने जिंकली होती. तरी २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करण्याचा निर्णय घेतला आणि संघ संपला. पैसा कंपनीचा होता, निर्णयही कंपनीचाच. याउलट कोल्हापूर पाहा. तेथे पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार असे तालमींचे संघ आहेत. ते पेठांचे संघ आहेत. शाहू स्टेडियमवर संघ हरला तर पेठ चिडते, चार दिवस जेवण गोड लागत नाही. पण पुढच्या वर्षी संघ मैदानात असतोच. आपल्या विदर्भात कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तेही तिथल्या लोकांनी तो खेळ आपला मानला म्हणूनच.

माझे हे बोलणे संपले तेव्हा चाचांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज आता बारीक झाला आहे. ते म्हणाले, "बेटा, १९८१ मध्ये मोहमेडनने कलकत्ता लीग जिंकली. मी तेव्हा नोकरीत होतो. त्यानंतर पुन्हा ती लीग कधी जिंकली, ठाऊक आहे?"

भाचा गप्प राहिला.

"२०२१ मध्ये. चाळीस वर्षांनी. मधल्या काळात माझे लग्न झाले, मुले झाली, मुलांची लग्ने झाली, मी निवृत्त झालो. दर वर्षी आम्ही हाच वाद घालत होतो. आणि तू एका मोसमात कंटाळलास?"

"पण चाचा, या वेळी तर मोसमच होतो की नाही, तेच कळत नाही," भाचा म्हणाला. त्याच आठवड्यात बातमी आली होती, की हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटेपर्यंत इंडियन सुपर लीगचा नवा मोसम थांबवून ठेवला आहे. आम्ही ज्या मोसमावर तास-दीड तास भांडत होतो, त्याची तारीखच ठरलेली नव्हती!

सगळे हसले. मला मात्र त्या हसण्यात आमच्या वॉर्डाचा संघ आठवला.

माझ्या तरुणपणी आमच्या वॉर्डाचाही एक संघ होता. मी त्यात उजव्या बाजूचा बचावपटू होतो. लागोपाठ तीन वर्षे आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. पहिल्या वर्षी सारा मोहल्ला आमच्यावर ओरडला. "उद्यापासून पहाटे धावायला या," असे किराणा दुकानदारानेही सुनावले. तो स्वतः कधी बस पकडायलासुद्धा धावला नसेल! दुसऱ्या वर्षी ओरडणारे कमी झाले. तिसऱ्या वर्षी आम्ही पाच गोलांनी हरून परत आलो, तर कोणी काही विचारलेच नाही. मला ते फार हलके वाटले होते. बरे झाले, बोलणी टळली, असे मी म्हणालो. चौथ्या वर्षी स्पर्धेत नाव द्यायला कोणीच गेले नाही. मीही गेलो नाही. चेंडू कोणाच्या तरी घरी माळ्यावर पडून राहिला.

त्या संघाला कोणत्या कंपनीने बंद केले नाही. आम्हीच केले, आणि तेही न बोलता. म्हणून आज टपरीवर मुले भांडताना दिसली, की मी त्यांना थांबवत नाही. ज्याने दुसरा संघ निवडण्याची घोषणा केली होती, तोही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर होता. मोहमेडनचा बचाव कसा सुधारावा हे तो सर्वांत मोठ्या आवाजात सांगत होता.

त्या दिवशी उठता उठता भाचा म्हणाला, की रविवारी पाऊस उघडला तर ते शाळेच्या मैदानावर खेळणार आहेत. आतापर्यंत नऊ जण जमले आहेत.

चाचांनी छत्री उघडली आणि विचारले, "गोलरक्षक कोण आहे?"

"अजून कोणी नाही, चाचा."

"मग नऊ जण जमवून काय उपयोग?" चाचा म्हणाले, आणि वाद पुन्हा सुरू झाला.