गोड बोलण्याआधी तीळ पेरू या



दरवर्षी जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेला आपल्या शाळेत मकरसंक्रांत साजरी होते. मुले दप्तरातून रंगीत हलव्याच्या पुड्या काढतात, गुरुजनांच्या हातावर चार दाणे ठेवतात, 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणतात आणि पुढचा तास सुरू होतो. प्रथा चांगली आहे. ती मोडावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या पुडीत तीळ किती आणि त्या बोलण्यात गोडी किती, हे दोन प्रश्न आता विचारले पाहिजेत, असे आम्हास वाटते.

पहिला प्रश्न सोपा आहे. तिळाचे झाड कसे असते, असे वर्गात विचारले तर मुले एकमेकांकडे पाहतात. कोणी मोहरीसारखे सांगतो, कोणी सूर्यफुलासारखे. यात मुलांचा दोष नाही. काकतीच्या शिवारात भात, ऊस, भाजीपाला दिसतो. तीळ सहसा दिसत नाही. आपल्याकडे पाऊस भरपूर आणि तिळाला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. मुळाशी पाणी राहिले की रोप गेलेच समजा. म्हणून हे पीक निचऱ्याच्या, मध्यम पावसाच्या मुलखात अधिक रमते.

रोप साधारण कमरेएवढे वाढते. फूल पांढरे, किंचित गुलाबी छटेचे, घंटेच्या आकाराचे असते. ते सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत गळून पडते. मागे राहते ते उभे बोंड. त्यात पन्नास ते ऐंशी दाणे रचून ठेवल्यासारखे बसलेले असतात. बोंड वाळले की टोकाकडून आपोआप उकलते आणि दाणे जमिनीवर सांडतात. 'तिळा तिळा दार उघड' हा अलिबाबाच्या गोष्टीतला मंत्र यावरूनच आला असावा, असे अनेक जण मानतात. शेतकऱ्याला मात्र हे दार फार लवकर उघडून चालत नाही. खालची बोंडे पिवळी पडू लागली की कापणी करायची, पेंढ्या बांधून उभ्या वाळवायच्या आणि मग उलट्या धरून झटकायच्या. चार दिवस उशीर झाला की पीक मातीत जाते. जगातला बहुतेक तीळ आजही हातानेच कापला जातो, त्याचे कारण हेच.

आता दुसरा प्रश्न. तो थोडा अवघड आहे.

हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. म्हणजे हे धान्य या देशात चार हजार वर्षांहून जुने आहे. आपल्या 'तेल' या शब्दाचे मूळ संस्कृत 'तैल', म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे शेंगदाण्याचे, करडईचे, खोबऱ्याचे, सगळ्यांचेच तेल झाले. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु कन्नड भाषेतही नेमके असेच घडले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? कन्नडमध्ये तिळाला 'एळ्ळु' म्हणतात आणि तेलाला 'एण्णे'. 'एण्णे' हा शब्दही 'एळ्' म्हणजे तीळ आणि 'नेय्' म्हणजे स्निग्ध पदार्थ यांच्या जोडातून झालेला आहे. त्यांच्याकडेही पुढे सगळीच तेले 'एण्णे' झाली, रॉकेलसुद्धा 'सीमेएण्णे'. एक भाषा संस्कृतातून आलेली, दुसरी द्राविड कुळातली. दोघींनी एकमेकींना न विचारता सर्व तेलांना एकाच दाण्याचे नाव दिले.

सणाचेही तसेच. आपण म्हणतो, 'तिळगूळ घ्या, गोड बोला.' त्याच दिवशी कन्नड घरात म्हणतात, 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडी', तीळगूळ खाऊन चांगले बोला. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपल्याकडे होते, तशीच उत्तर कर्नाटकातील कन्नड घरांतही होते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे तिकडचेही थोडे सांगतो. गयेचा तिलकुट, मुरैन्याची गजक, लखनौची रेवडी ही सगळी याच थंडीच्या दिवसांतली आणि याच दाण्याची. हिंदीत एक म्हण आहे, 'तिल का ताड़ बनाना'. मराठीत आपण राईचा पर्वत करतो, हिंदीवाले तिळाचा ताड करतात. आपल्या सीमाभागात एखाद्या पाटीवरून, एखाद्या घोषणेवरून तिळाचा ताड किती वेळा झाला, हे मोठ्यांना सांगायला नको.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याबद्दल प्रत्येक घराचे मत आहे आणि ते असावे. शाळेच्या पत्रिकेत त्याचा निवाडा होणार नाही. पण आपली मुले कन्नड हा विषय शिकतात, त्यात चांगले गुण मिळवतात, संध्याकाळी कन्नड शाळेतल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळतात आणि संक्रांतीला मात्र 'गोड बोला' हे फक्त आपल्याच माणसांना सांगतात. ज्यांच्याशी रोज गोडच बोलतो, त्यांना पुन्हा तेच सांगण्यात विशेष ते काय? संक्रांतीला आपण मुद्दाम त्या घरी जातो, जिथे वर्षभरात काही कमी-जास्त बोलणे झालेले असते. तिळगूळ त्यासाठीच आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शाळेच्या आवारातली उंचावरची, पाणी न साचणारी एक गुंठा जागा विश्वस्त मंडळाने तिळासाठी द्यावी. जून-जुलैचा पाऊस या पिकाला मानवणार नाही. परंतु मराठवाडा-विदर्भात सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्धरब्बी तीळ पेरतात. तसे आपण केले आणि गरजेपुरते पाणी दिले, तर साधारण नव्वद दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या पूर्वार्धात, पीक हाती येते. संक्रांत तोंडावर असते.

एका गुंठ्याला बियाणे लागते फक्त पन्नास ग्रॅम. हजार दाण्यांचे वजन सुमारे तीन ग्रॅम भरते. तेव्हा पन्नास ग्रॅमात दाणे किती, हे सहावीच्या मुलांनी काढावे. दाणा इतका बारीक की तो वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळूनच पेरावा लागतो. देशाची सरासरी हेक्टरी चारशे ते पाचशे किलोच्या आसपास आहे. त्या हिशोबाने गुंठ्यात चार किलो मिळाले तरी पुष्कळ झाले. एका लाडवात दहा ग्रॅम तीळ धरले, तर चारशे लाडू होतात. तिळात जवळजवळ निम्मे तेल आणि सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतात, तेव्हा नुसत्या साखरेच्या हलव्यापेक्षा मुलांच्या पोटात काहीतरी सकस जाईल. मात्र काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते. अशा मुलांच्या पालकांनी वर्गशिक्षकांना आधी कळवावे.

हे लाडू घेऊन आपल्या मुलांनी शेजारच्या कन्नड शाळेत जावे आणि दोन्ही वाक्ये म्हणावीत, आधी त्यांच्या भाषेत, मग आपल्या.

यावर दोन आक्षेप येतील, याची आम्हाला कल्पना आहे. काही पालक म्हणतील, 'आम्ही आयुष्यभर शेतात राबलो, मुलांना शाळेत पाठवले ते पुन्हा खुरपे धरायला नव्हे.' हे म्हणणे खोटे नाही. परंतु एका गुंठ्यात कोणी शेतकरी होत नाही. तिथे मोजमाप आहे, निरीक्षण आहे, विज्ञान आहे. आणि घरच्यांनी किती कष्ट केले, याची थोडी ओळखही आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. 'ते आपल्याकडे येत नाहीत; मग आपणच का जावे? आधीच मराठी शाळांचे पट घटत आहेत, त्यात आपणच नमते घ्यायचे का?' आमचे उत्तर असे की गोड बोलणे म्हणजे आपले म्हणणे सोडणे नव्हे. तीळ गुळात मिसळला तरी तीळच राहतो. दाताखाली त्याची चव वेगळी कळते. मराठी टिकायची तर ती मुलांच्या वाचनाने, लेखनाने आणि घरातल्या बोलण्याने टिकेल, शेजाऱ्याशी अबोला धरून नव्हे. आणि 'घ्या' हा शब्द देणाऱ्यानेच आधी उच्चारायचा असतो. समोरचा केव्हा देईल याची वाट पाहत तिळगूळ कोणी डब्यात ठेवत नाही.

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचे माहेर. तिचे नाव इथल्या मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत सारख्याच मानाने घेतले जाते. ज्या गावाला अशी एक सामाईक लेक आहे, त्या गावात एक सामाईक सण का असू नये?

विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत जागेचा निर्णय घ्यावा. ज्या पालकांना तिळाच्या पेरणीचा किंवा काढणीचा अनुभव आहे, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. आजी-आजोबांचे विशेष स्वागत आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कन्नडच्या शिक्षकांकडून ते एक वाक्य नीट म्हणायला शिका. उच्चार चुकला तर समोरची मुले हसतील. हसू द्या. मग त्यांना आपले वाक्य म्हणायला सांगा.