रोज चाला म्हणतात, पण कुठे?



दवाखान्यात साखर तपासून झाली की डॉक्टर एक वाक्य हमखास सांगतात, "रोज अर्धा तास चालत जा." आपल्या ताई मान हलवतात, गोळ्यांची पुडी पर्समध्ये टाकतात आणि घरी येतात. घराबाहेर तीन फुटांची गल्ली. एका कडेला गटार, दुसऱ्या कडेला शेजाऱ्यांचे पाण्याचे पिंप, आणि मधून हॉर्न वाजवत येणारी दुचाकी. मोठ्या रस्त्यावर जावे तर फुटपाथ गाड्यांनी भरलेला आणि नाकात धूर. चालायचे कुठे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

म्हणून या वेळी आरोग्य पानावर औषधांऐवजी एका जागेविषयी लिहीत आहोत. धारावी बस डेपोजवळ, शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, मिठी नदीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांचे. आपल्यातल्या अनेकांनी बसच्या खिडकीतून त्याचे दार शेकडो वेळा पाहिले आहे. आत किती जण गेले? आम्ही वस्तीत विचारत फिरलो तेव्हा बहुतेकांनी मान हलवली. एका आजींनी उलट आम्हालाच विचारले, "तिथं आपल्याला सोडतात का रे?"

आजींचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. शहरातल्या एका नव्या बागेत आपल्याच वस्तीतल्या पोरांना, कपडे बघून, बाकावरून उठवल्याचे आम्ही पाहिले आहे. दार उघडे असले तरी पाय आत पडत नाही, तो का पडत नाही हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. चवदार तळ्याचे पाणीही सरकारी ठरावाने १९२३ सालीच खुले झाले होते. प्यायला मात्र १९२७ साल उजाडावे लागले, आणि बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जावे लागले.

तर वर्षावास संपल्यावर एका रविवारी, विहारातली वंदना आटोपून आम्ही अकरा जण निघालो. त्या आजी, दोन ताई, शिवणकाम करणारे एक काका आणि बाकी मुले. तिकीट काढले, आत गेलो. कुणी अडवले नाही.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. रस्त्यापासून शंभर पावले गेलो नाही तोच हॉर्न मागे राहिला. खाली पालापाचोळा, वर झाडी. मुले सुरुवातीला दबकत चालली, मग फुलपाखरांमागे धावली. आजी दर थोड्या वेळाने थांबून वर बघत होत्या. काकांना दमा आहे, फवारा खिशात ठेवूनच आले होते. त्यांना तो काढावा लागला नाही, पण त्यावरून झाडांनी दमा बरा होतो असे कुणी समजू नये.

ही झाडी मुळातली नाही. इथे पूर्वी मुंबईचा कचरा टाकला जाई. सत्तरच्या दशकात कचरा टाकणे बंद झाले, वर माती पसरली, आणि १९८३ साली पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते झाडे लावायला सुरुवात झाली. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. ज्या शहराचा कचरा आपल्या आयाबायांनी डोक्यावर वाहिला, झाडून काढला, निवडला, त्याच कचऱ्यावर आज हे जंगल उभे आहे. मग त्यावर हक्क सांगताना आपण का संकोचावे? आम्हाला तर वाटते, सगळ्यात आधी आपणच सांगावा.

नदीच्या बाजूला तिवरे आहेत. भरती-ओहोटीचे खारे पाणी इथपर्यंत येते, कारण मिठी पुढे माहीमच्या खाडीत मिळते. तिवराची काही मुळे चिखलातून वर येतात, बोटाएवढी, हजारोंनी. चिखलात हवा नसते म्हणून झाड या मुळांनी श्वास घेते. पानाच्या मागे मिठाचे बारीक कण दिसतात, जास्तीचे मीठ झाड असे बाहेर टाकते. पलीकडच्या काठाला बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. आमच्या ताईंपैकी एक तिथेच साफसफाईला जातात. "वरच्या मजल्यावरून हे रोज हिरवं दिसतं, कधी खाली आले नव्हते," त्या म्हणाल्या. पाण्याला वास येतो, तोही खोटे न बोलता सांगायला हवा. २६ जुलै २००५ ला याच मिठीचे पाणी घराघरांत शिरले होते. काठची तिवरे आणि मोकळी जमीन पाण्याला पसरायला जागा देतात. ती बुजवली की पाणी सखल वस्तीत येते, आणि सखल वस्ती बहुधा आपलीच असते.

आता आरोग्याचे. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, मुलांनी रोज तासभर खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालण्याने साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. मोकळ्या उजेडात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात लागतो. क्षयरोगाचे जंतू बंद, कोंदट खोलीत हवेत टिकून राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि खिडकी नाही, तिथे एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. हा दोष त्या घराचा नाही, ती खोली तशी बांधू देणाऱ्यांचा आहे.

चालण्याला आपल्या धम्मात नावही आहे, चंक्रमण. अंगुत्तर निकायात भगवंतांनी त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. दूरचा प्रवास झेपतो, मेहनत झेपते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते, आणि चालताना साधलेली समाधी जास्त काळ टिकते. पाचांतले चार थेट शरीराचे आहेत. आमच्या काही बांधवांना व्यायाम म्हणजे शिकलेल्यांचे चोचले वाटतात, त्यांनी हे जरूर वाचावे.

आणि बाग म्हणजे नुसता वेळ घालवण्याची जागा असेही नाही. बाबासाहेब विद्यार्थी असताना परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. शाळा सुटल्यावर ते समुद्राजवळच्या चर्नी रोडच्या बागेत बसून वाचत. तिथेच केळुस्कर गुरुजींनी त्यांना हेरले, आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ती बाग नसती तर काय, हा विचार आम्हाला त्या दिवशी तिवरांपाशी सारखा येत होता.

महिन्यातून एकदा उद्यानात गेल्याने कुणाचा मधुमेह आटोक्यात येणार नाही, हे आम्हालाही कळते. सहा जणांच्या घराला तिकीट आणि बसभाडे मिळून जो खर्च येतो, तो रोजंदारीवाल्याला जाणवतो. म्हणून आमचे म्हणणे दोन्ही बाजूंनी आहे. वस्तीतल्या शाळांच्या मुलांना तिकीट माफ असावे, असे निवेदन महिला मंडळांनी सह्यांसह द्यावे. आणि आपल्या वॉर्डाच्या विकास आराखड्यात बाग, मैदान म्हणून राखलेला भूखंड कोणता, आज त्यावर काय उभे आहे, हे माहिती अधिकारात विचारावे. रोज चालायचे तर जागा घराजवळच लागते.

जाणाऱ्यांसाठी थोडे. वेळ आणि तिकीट आधी विचारून निघा. अंगभर कपडे घाला, डास आहेत. पाणी घरून न्या. नदीच्या पाण्यात, चिखलात मुलांना उतरू देऊ नका. अनोळखी फळे तोडून खाऊ नका. साखरेच्या रुग्णांनी उपाशीपोटी चालू नये, पायात बंद चप्पल किंवा बूट असावेत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. क्षयरोगाचे उपचार नुकतेच सुरू झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

परतताना आजींनी दारापाशी पुन्हा थांबून मागे पाहिले. ६ डिसेंबरला त्यांची बहीण लातूरहून चैत्यभूमीवर येते, दोन दिवस राहते. "तिला इथं आणीन," त्या म्हणाल्या, आणि बसचा नंबर विचारून घेतला.