इंग्रजीचा पूल फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठीच का?

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, सीरम इन्स्टिट्यूट शेजारीच आहे. अशा संस्थांतले संशोधन आणि अहवाल मुख्यतः इंग्रजीत होतात. याच परिसरातल्या वस्त्यांमधली आपली अनेक मुले मात्र मराठी शाळेतून बारावीपर्यंत येतात आणि थेट इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसतात. मधला पूल कुठे आहे?

असा पूल बांधता येतो, हे पुण्याला माहीत आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी सिम्बायोसिस सुरू केली. याच संस्थेच्या 'एल्टिस'मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना पदवीच्या अभ्यासाआधी इंग्रजी शिकवले जाते. दुसऱ्या देशातून आलेल्या मुलाला इंग्रजी येत नसेल, तर त्याला कोणी 'ढ' म्हणत नाही. आधी भाषा शिकवू, मग विषय, असा साधा विचार केला जातो.

आपल्या मुलाच्या बाबतीत हाच विचार बदलतो. त्याची भाषेची अडचण ही बुद्धीची अडचण ठरते आणि 'कोट्यातून आलाय' हा शेरा मिळतो. घरात दोन पिढ्या इंग्रजी असणे हे सांस्कृतिक भांडवल आहे. त्याला गुणवत्ता म्हणणे ही जातीचीच नवी भाषा आहे.

हा केवळ आपला समज नाही. दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात इंग्रजीसह पूरक वर्गांचा प्रश्न मांडला होता. यूजीसीच्या 'रेमेडियल कोचिंग' योजनेतही भाषेचा समावेश होता. पण वस्तीतली मुले सांगतात ते असे: वर्ग उशिरा सुरू होतात, कॉलेज सुटल्यावर भरतात, आणि संध्याकाळच्या शिफ्टला जाणाऱ्याला ते गाठताच येत नाहीत.

यावर एक उत्तर दिले जाते, की मराठीतूनच शिकवा. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली. ही सोय स्वागतार्ह आहे. मात्र सवर्ण घरातली मुले इंग्रजीत आणि आपली मुले मराठीत, अशी वाटणी होणार असेल तर ती मान्य करता येणार नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढले आणि १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' इंग्रजीत प्रसिद्ध केले. आपल्याला दोन्ही भाषा हव्यात.

म्हणून मागणी नेमकी असावी. पहिल्या सत्राआधी दोन महिन्यांचा मोफत भाषावर्ग, त्याला क्रेडिट आणि काम बुडणाऱ्या मुलांना विद्यावेतन. तिथे नुसते व्याकरण नको. समाजशास्त्राचा लेख वाचणे, प्रयोगाचा अहवाल लिहिणे शिकवले पाहिजे. पहिले वर्षभर उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभाही हवी.

विद्यार्थी कार्यकर्त्यांनी आपापल्या कॉलेजच्या समान संधी केंद्राकडे हे लेखी मागावे. पूरक वर्गांवर तीन वर्षांत किती खर्च झाला आणि किती विद्यार्थी बसले, हे माहिती अधिकारात विचारावे. उपकार म्हणून सुरू झालेला वर्ग कधीही बंद पडतो. हक्क म्हणून मिळवलेला वर्ग बंद करायला कारण द्यावे लागते.