दिवा कुणाचं ऐकतो?

मंडळी, मॉडेल रेल्वे म्हटलं की डोळ्यांसमोर येतात पूल, बोगदे, सिग्नल आणि चिमुकलं स्टेशन. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलंय (१९९८ पासून सुरू आहे, पाहिलं नसेल तर जरूर जा) त्यांना ही मजा माहीत आहे. मला मात्र आज लिहायचंय ते प्रेक्षकांना न दिसणाऱ्या भागाबद्दल.

समजा, आमच्या गडमुडशिंगीतल्या एखाद्या घराच्या माडीवर कोल्हापूर-मिरज लाइन मांडायची आहे. एचओ स्केल म्हणजे १:८७. खरं अंतर सुमारे ४८ किलोमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये साडेपाचशे मीटर. एवढी माडी गावात कुणाचीच नाही! मग कोल्हापूर स्टेशन आणि वळिवड्यापर्यंतचा तुकडा मांडायचा, आणि पुढे गाडी फळीच्या आड न्यायची. तिथे लपवलेलं यार्ड म्हणजे आपलं 'मिरज'. नाटकातली पात्रं विंगेत थांबतात तशा गाड्या तिथे थांबतात. याला म्हणतात स्टेजिंग यार्ड.

पाच रुळांच्या यार्डला चार सांधे लागतात, एकापुढे एक. तिसऱ्या रुळावर गाडी न्यायची तर पहिले दोन सांधे सरळ आणि तिसरा वळलेला हवा. प्रत्येक सांध्याला वेगळं बटण दिलं तर हे गणित दर वेळी डोक्यात करावं लागतं. त्यामुळे जाणकार लोक डायोड मॅट्रिक्स करतात: एका रुळाला एक बटण. ते दाबलं की हव्या त्या सगळ्या मोटरींना करंट जातो, आणि डायोडमुळे तो उलटा फिरून भलत्या सांध्याकडे जात नाही. पाच रुळांना १४ डायोड पुरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सोल्डर केलेलं लुकअप टेबल. याला कॉम्प्युटर लागत नाही, आणि लावूही नये असं माझं मत आहे.

आता खरा मुद्दा. बरेच जण पॅनलवरचा दिवा बटणालाच जोडतात. बटण दाबलं, दिवा लागला, रूळ लागला. खरंच लागला का? कॉइलवाल्या मोटरला क्षणभर जोरदार करंटचा झटका लागतो, तो कपॅसिटरमधून देतात. चार सांधे एकदम हलवायचे तर तो साठा चौघांत वाटला जातो. कमी पडला, किंवा पात्यात खडीचा एक कण अडकला, तर सांधा अर्ध्यातच राहतो. दिवा मात्र ऐटीत चालू! 'रिक्वेस्ट गेली' आणि 'काम झालं' यातला फरक आपल्याला ऑफिसात रोज भेटतो, मग इथे तो का विसरायचा?

दिव्याने बटणाचं ऐकू नये, सांध्याचं ऐकावं. प्रत्येक सांध्याच्या पात्याबरोबर हलणारा एक टू-वे स्विच बसवा. (स्लो मोशन मोटरमध्ये असे स्विच बहुधा आतच असतात, पण ते मोटरचं सांगतात. मोटर आणि पात्यामधली तार निसटली तर त्यांना पत्ता नसतो.) करंट पहिल्या स्विचला द्या. सांधा वळलेला असेल तर तो पहिल्या दिव्याकडे जाईल, सरळ असेल तर पुढच्या स्विचकडे. असं शेवटपर्यंत. चार स्विचमध्ये पाच दिवे होतात, आणि गाडी खरंच जिथे जाणार त्याच रुळाचा दिवा लागतो. वाटेतला सांधा अधेमधे अडकून त्याचा स्विच कुठल्याच बाजूला टेकला नाही, तर एकही लागत नाही.

खेळण्याला एवढं कशाला, असं कुणी म्हणेल. खऱ्या रेल्वेतही सांधा लागून लॉक झाल्याची खात्री सर्किटने केल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. तरीही २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा मिळाला, सांधा मात्र लूप लाइनला लागलेला होता. तिथे मालगाडी उभी होती. जवळपास तीनशे माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या फेरफारांतल्या त्रुटी पुढे आल्या. म्हणजे फीडबॅक असणं पुरेसं नाही, तो खोटं बोलत नाही ना हेही तपासावं लागतं, आणि वायरिंगला हात लावला की दर वेळी पुन्हा.

माडीवर ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. एकेका मोटरची वायर काढा, तो सांधा हलवणारं बटण दाबा. तरीही नव्या रुळाचा दिवा लागला, तर वायरिंग थापा मारतंय. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना लेबल लावा, आणि बदल केला त्याच दिवशी वहीतही बदला.

दिसणाऱ्या स्टेशनात सांधा चुकला तर डोळ्यांना दिसतो. फळीमागच्या यार्डात दिवा हाच तुमचा डोळा. तेव्हा डोंगर-झाडं सावकाश करा, आधी हे स्विच बसवा.