बीट कुणाचा, आणि त्या बीटमधला ठोका कुणाचा?

दर चार-सहा दिवसांनी कुणीतरी 'जगातले सर्वांत महान हिपहॉप प्रोड्युसर' अशी यादी टाकतं. डॉ. ड्रे मोठा की जे डिला, यावरून खाली कॉमेंटमध्ये हमरीतुमरी सुरू होते. आपल्या भागातही आता रॅप करणारी, मोबाईलवर नाहीतर जुन्या लॅपटॉपवर बीट बनवणारी पोरं बरीच आहेत. त्यांच्यामुळे या याद्या माझ्यापर्यंतही येतात. भांडा बाबांनो, हरकत नाही. पण त्या याद्यांमध्ये एक रकाना कायम कोरा असतो. आज त्या रकान्याबद्दल बोलायचंय.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. सिनेमाचा प्रोड्युसर म्हणजे पैसे लावणारा. हिपहॉपमधला प्रोड्युसर म्हणजे आपल्या भाषेत संगीतकार, अरेंजर आणि निम्मा रेकॉर्डिस्ट, तिन्ही एकात. रॅपर शब्द म्हणतो, त्या शब्दांखाली जे काही वाजतं ते याचं. आणि तिकडचा डीजे म्हणजे आपल्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत नव्हे, तो रेकॉर्ड वाजवणारा माणूस.

या सगळ्याची सुरुवात तशाच एका माणसापासून मानतात. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू ही इमारत. शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला बहिणीने पार्टी ठेवलेली, आणि रेकॉर्ड वाजवायला भाऊ. भाऊ म्हणजे जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, उर्फ डीजे कूल हर्क. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम वाजतो, त्या काही सेकंदांत नाचणारे सर्वांत जास्त पेटतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तेवढाच तुकडा लांबवत नेला. पुढच्या पन्नास वर्षांचं हिपहॉप त्या तुकड्यावर उभं आहे.

पुढे यंत्रं आली. सॅम्पलर म्हणजे रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा उचलून साठवणारं आणि हवा तसा वाजवू देणारं यंत्र. 1987 साली आलेल्या एसपी-1200 मध्ये जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग या लोकांनी काय करावं? 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर फिरवून आवाज आत घ्यायचा आणि यंत्रात परत हळू करायचा. जागा वाचायची, शिवाय आवाजाला एक खरखर यायची. तीच खरखर त्या काळाची ओळख होऊन बसली. गरजेपोटी केलेल्या जुगाडाचा असा बाज होतो.

पण यंत्र सगळ्यांकडेच होतं. मग मोठा कोण ठरला? माझ्या मते ज्याचा कान वेगळा, तो.

पब्लिक एनिमी या गटामागची बॉम्ब स्क्वाड ही मंडळी घ्या. 1988 च्या त्यांच्या अल्बममध्ये आवाजावर आवाज रचलेत. सायरन, ओरडा, ड्रम, भाषणाचे तुकडे. ऐकताना मोर्चात सापडल्यासारखं होतं, आणि गाण्यांचा विषयही तसाच होता. याच्या अगदी उलट टिंबालँड. व्हर्जिनियाचा हा माणूस ठोक्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडतो. 1998 मध्ये आलियाच्या एका गाण्यात त्याने लहान बाळाचा आवाज तालात बसवला. 2001 मध्ये मिसी एलियटच्या 'गेट युर फ्रीक ऑन'साठी पंजाबी तुंबीची छोटीशी सुरावट घेतली आणि सबंध गाणं तिच्यावर तोललं. काय वाजवायचं नाही हे त्याला कळतं.

डॉ. ड्रेची पद्धत तिसरीच. 1992 च्या 'द क्रॉनिक'मध्ये जुन्या फंक गाण्यांचे तुकडे जसेच्या तसे उचलण्यापेक्षा बऱ्याच ठिकाणी त्याने वादक बसवून ते पुन्हा वाजवून घेतले. आवाज स्वच्छ, बास जाड, वर सिंथेसायझरची शीळ. कॅलिफोर्नियाचा आवाज असा असतो हे जगाने त्या अल्बमवरून ठरवलं.

आणि डेट्रॉइटचा जे डिला. ताल यंत्राने वाजवला की यंत्र प्रत्येक ठोका घड्याळासारखा जागेवर बसवतं. डिलाने ही सोय बाजूला ठेवून ठोके केसभर मागेपुढे ठेवले. आपल्याकडचा मुरलेला ढोलकीवाला समेवर जरा रेंगाळून येतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, तसं काहीसं. हे ऐकून पुढे हाडामांसाचे ड्रमर त्या यंत्राची नक्कल करू लागले! 7 फेब्रुवारी 2006 ला, 32 व्या वाढदिवशी, त्याचा 'डोनट्स' अल्बम आला आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याचं एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

ही सगळी माणसं थोर आहेत, त्यात वाद नाही. आता त्या कोऱ्या रकान्याकडे येऊ. यांनी जे तुकडे उचलले, ते वाजवले कुणी?

क्लाइड स्टबलफील्ड हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? जेम्स ब्राऊनचा ड्रमर. 1969 मध्ये त्याने 'फंकी ड्रमर' या गाण्यात काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो तुकडा पब्लिक एनिमीने घेतला, एलएल कूल जेने घेतला, शेकड्यांनी गाण्यांत गेला. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तुकड्यांपैकी तो एक. स्टबलफील्डला त्या वापराची रॉयल्टी मिळाली नाही. 2017 मध्ये तो वारला.

दुसरं नाव ग्रेगरी कोलमन. 'द विन्स्टन्स' या बँडचा ड्रमर. 1969 च्या 'आमेन ब्रदर' या गाण्यातले त्याचे सहा-सात सेकंद 'आमेन ब्रेक' म्हणून जगभर फिरले. हिपहॉपमध्ये गेले, इंग्लंडमधल्या जंगल आणि ड्रम अँड बास या प्रकारांचा तर पायाच झाले. कोलमन 2006 मध्ये बेघर अवस्थेत मरण पावला. त्या ठोक्याचा एक पैसा त्याला मिळाला नव्हता.

हे असं का होतं? कुणी एक माणूस दुष्ट होता म्हणून नाही, नियमच तसा आहे. गाण्यावर दोन हक्क असतात. एक रचनेचा, तो गीतकार-संगीतकाराचा. दुसरा रेकॉर्डिंगचा, तो बहुतेक वेळा कंपनीचा. ड्रमर दोन्हीकडून बाहेर. ठेका म्हणजे 'रचना' असं कुणी धरत नाही, आणि रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं नसतं. त्या दिवशीची मजुरी घेतली की त्याचा विषय संपला.

हे आपल्यापासून फार लांबचं आहे असं वाटत असेल तर पुढचा किस्सा ऐका. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणं अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. प्रोड्युसर डीजे क्विक, लेबल डॉ. ड्रेचं. गाण्याच्या पोटात सतत एक बाई गातेय. ती बाई म्हणजे आपल्या लतादीदी! 'ज्योती' या 1981 च्या सिनेमातलं गाणं, संगीत बप्पी लाहिरींचं. न विचारता घेतलं, नाव दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सांगितलं, लाहिरींचं नाव छापल्याशिवाय हा अल्बम विकता येणार नाही. लता मंगेशकर हे नाव या देशात पोराटोरांना ठाऊक, पण तिथे त्या फक्त 'एक भारतीय आवाज' होत्या. आणि कान मात्र क्विकचाच भारी, हेही मान्य करावं लागतं. वीस वर्षांपूर्वीच्या, इथेही मागे पडलेल्या गाण्यात त्याला ते ऐकू आलं. कानाची दाद द्यायची आणि हिशेबही मागायचा, दोन्ही एकाच वेळी करता येतं.

यावर काही जण म्हणतील, मग कायदा कडक करा, सॅम्पलिंग ही चोरीच आहे. मला हे पटत नाही. 1991 मध्ये बिझ मार्कीच्या खटल्यात अमेरिकन कोर्टाने तसाच कडक निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि किंमत आली. परिणाम काय झाला? बॉम्ब स्क्वाडसारखं वीस-वीस तुकड्यांचं काम परवडेनासं झालं. डे ला सोल या गटाचा 1989 चा गाजलेला पहिला अल्बम परवानग्यांच्या गुंत्यात अडकून स्ट्रीमिंगवर आला तो थेट मार्च 2023 मध्ये. आणि इतकं करून पैसा गेला कुठे? मुख्यतः हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांकडे. स्टबलफील्ड आणि कोलमन होते तिथेच राहिले. कायदा कडक झाला, पण ज्याच्या हाताने ठोका वाजला त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

मार्ग नाही असंही नाही. 1979 मध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी 'रॅपर्स डिलाइट' काढलं, रॅपचं पहिलं मोठं हिट. त्याखालचं संगीत 'शीक' बँडच्या गाण्याचं होतं, वादकांकडून परत वाजवून घेतलेलं. नाईल रॉजर्सने हरकत घेतली, आणि शेवटी त्याचं आणि बर्नार्ड एडवर्ड्सचं नाव गीतकार-संगीतकार म्हणून लागलं. गाणं थांबलं नाही, हिपहॉपही थांबलं नाही. नाव लावल्याने कुणाचं काही बिघडलं नाही. हां, तिथेही मूळ गाण्यात ड्रम वाजवणाऱ्या टोनी थॉम्पसनचं नाव त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या पोरांशी बोलतो. 'मेरे गली में' सगळ्यांना पाठ आहे, डिव्हाइन आणि नेझी माहीत आहेत. त्याचा बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा, हे किती जणांना माहीत आहे? तुम्ही स्वतः बीट करता आणि रॅपरने तुमचं नाव टाकलं नाही की तुम्हाला राग येतो. यायलाच पाहिजे. पण तुमच्या बीटमध्ये जी हलगी आहे, ती कुणी वाजवली? जत्रेत मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलीत ना? त्या वाजवणाऱ्याचं नाव विचारलंत का? यूट्यूबवरून उतरवलेल्या जुन्या लोकगीताखाली कुणाचा ढोलकीपटू आहे, हे शोधलंत का?

माझं म्हणणं साधं आहे. गाणं टाकताना खाली चार ओळी लिहा: शब्द कुणाचे, बीट कुणाचा, आवाज कुठून घेतला, वाजवलं कुणी. याला पैसे पडत नाहीत. चार पैसे मिळाले तर त्यातला वाटा वाजवणाऱ्याला द्या, आणि आधीच बोलून ठेवा. घरातल्या घरात असलं तरी कागदावर लिहून ठेवा, कारण गाणं चाललं की नाती बिघडतात.

बाकी महान प्रोड्युसर कोण, यावर माझं मत विचाराल तर डिला. पण तुम्ही यादी कराल तेव्हा त्यात क्लाइड स्टबलफील्ड आणि ग्रेगरी कोलमन ही दोन नावंही लिहा. ते प्रोड्युसर नव्हते. पण त्यांच्या त्या काही सेकंदांशिवाय निम्मी यादी उभी राहिली नसती.

तुमच्या माहितीत असा कुणी वाजवणारा असेल, ज्याचा ठोका लोकांच्या मोबाईलमध्ये फिरतोय आणि नाव कुठेच नाही, तर त्याला आधी विचारा. तो हो म्हणाला तर खाली त्याचं नाव लिहा. निदान इथे तरी ते लागू दे.